ताटाला विचारणाऱ्या गंगासागर सिस्टर

गंगासागर सिस्टर वॉर्डात आल्या की पेशंटच्या आधी खाटेखाली वाकून बघायच्या. गुडघे कुरकुरायचे, त्याही कुरकुरायच्या, पण वाकायच्याच. मला वाटायचं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

मी संभाजीनगरहून नर्सिंग शिकून वसमतच्या बाजूच्या या लहानशा रुग्णालयात आले, ती डोक्यात नवी पद्धत घेऊनच. तोवर इथे एक सिस्टर सगळ्यांना इंजेक्शनं द्यायची, दुसरी बीपी बघायची, तिसरी ड्रेसिंग करायची. मी म्हटलं, तसं नको. एका सिस्टरकडे सहा पेशंट, भरती झाल्यापासून सुट्टी होईपर्यंत सगळं तिनंच बघायचं. रंगीत खडूंनी तक्ता काढून भिंतीवरच्या फळ्यावर मांडला. सगळ्यात जुन्या गंगासागर सिस्टरच, त्यामुळे त्यांचा विरोध होणार म्हणून मी पदर खोचून तयार होते.

त्यांनी तक्ता बघितला. "बराबर हाय. आपलं पंगतीवानी चाललं होतं. वाढणारे पाच, अन् उपाशी कोन हाय ते कोनीच बघंना." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पन पोरी, सहा पेशंट म्हनजे त्यांचे अठरा नातेवाईक बी आले. ते कोन्या रंगात काढलेस?"

महिनाभर त्या मला 'तक्तेवाली' म्हणत. मला राग यायचा. खोटं कशाला सांगू?

श्रावणातल्या एका सोमवारी माझ्या सहांत शिरड शहापूरचे एक मामा होते. पायाला जखम, त्यात शुगर. त्यांच्या शुगरचे आठवड्याचे आकडे मला तोंडपाठ होते. सकाळी इन्सुलिन दिलं, ताट आलं, थोड्या वेळानं मी विचारलं, "मामा, जेवलात का?"

"व्हय माय."

मी टिक मारली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

तासाभरानं सिस्टरांची हाक आली, "तक्तेवाली, पळ!" मामा घामानं निथळत होते, हात थरथरत होते, मला ते आपल्या बहिणीच्या नावानं हाका मारत होते. खाटेखाली, टॉवेलनं नीट झाकलेलं, भरलेलं ताट. औंढ्याच्या नागनाथाचा उपास! सिस्टरला कशाला तकलीफ, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. उपाशीपोटी इन्सुलिननं साखर पार उतरली होती.

सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावणं धाडलं आणि स्वतः मामांना घोट घोट साखरपाणी पाजू लागल्या. मामा गेले असते तर? माझे पेशंट, माझं इंजेक्शन, माझीच टिक. हळूहळू त्यांची नजर स्थिर झाली, आणि मग मला रडू फुटलं.

"चूक माझी झाली, मामा."

"उपास माझा व्हता," मामा पुटपुटले. "चूक तुझी काहून?"

सिस्टर त्यांच्यावरच डाफरल्या, "नागनाथ समजून घेतो मामा, शुगर न्हाई घेत!" मग माझ्याकडे वळल्या. "लेकरा, तोंडाला इचारू नको, ताटाला इचार. मानूस भिडंखातर खोटं बोलतं. ताट न्हाई बोलत."

त्या दिवसापासून मीही वाकू लागले.

यंदा त्या निवृत्त झाल्या. शाल-नारळ झाल्यावरही त्यांनी आपल्या सहा खाटांवर फिरून एकेक पेशंट माझ्या हाती सोपवला. "मावशे, आजपासून ही तुझी. चांगली हाय, पन रडते लई." मग एका रिकाम्या खाटेवर बसल्या.

"आता सातवी. गंगासागर. गाव गोरेगाव, आपल्या इकडचं. घरी एकटीच. गुडघे दुखतात, अन् एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा करते. कोनाच्या वाटणीला देतेस?"

मी खडू घेतला आणि फळ्यावर माझ्या नावाखाली त्यांचं नाव लिहिलं.

आता रोज दुपारी मी गोरेगावला फोन लावते. "सिस्टर, जेवलात का?"

"व्हय तर! दोन भाकरी, पिठलं."

"बरं," मी म्हणते. "व्हिडिओ चालू करा, अन् ताट दाखवा."