फवारणीच्या बॅटरीवर सायकल

चिखलीत शाळेचे ड्रेस शिवायचा कारखाना आहे, तिथं आम्ही कामाला. मशीनच्या आवाजात बोलणं होत नाही, म्हणून दिवसभराचं तोंड आम्ही सायकलवर मोकळं करतो. गावापर्यंत सात किलोमीटर, तीन बाया. किस्से साचणार नाहीत तर काय!

*

हिवाळ्यात सहाला सुट्टी होईस्तोवर अंधार पडतो. एकदा मी खड्ड्यात पडले, कोपर फुटलं. माझे सासरे, आम्ही मामाजी म्हणतो, कडाडले, "लाइट नाही तं काम नाही! उद्याचा दिवस जाय, मंग घरी बस."

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसून रडले. खरं सांगते, ते काम माझ्या जिवाचं आहे.

आमची वंदनाताई मशीन दुरुस्त करते. ती म्हणाली, "रडून काऊन राह्यली व? लाइटच पाह्यजे ना?"

जुन्या चार्जिंगच्या टॉर्चमधले सेल काढून तिनं हँडलला दिवा बांधला. काय उजेड! नाल्याच्या पुलापर्यंत. तिथं गप्पकन गेला.

वंदनाताई शांतपणे म्हणाली, "चाला, नाल्यापर्यंतचा प्रॉब्लेम तं सुटला!"

*

मग तिनं फवारणी पंपाच्या बॅटरीवर मोटरसायकलचा एलईडी जोडला. घरोघरी पंप होतेच. बॅटरी स्टीलच्या डब्यात, डबा कॅरिअरवर. जेवणाचा डबाही तसाच.

एकदा आमची शोभा दोनाऐवजी एकच डबा घेऊन आली. बॅटरीच घरी राहिली असं समजून तिनं नवऱ्याला फोन केला, "घरचा डबा चार्जिंगले लावा."

पाच मिनिटांत त्याचा फोन. "पिन कुठी खुपसू व? याच्यात वांगे हायेत!"

त्या दिवशी शोभा आम्हा सगळ्यांच्या डब्यातून जेवली, आणि रोजच्यापेक्षा दोन पोळ्या जास्तच!

*

शोभा आणि मी जोडीनं येत होतो. फाट्यावर एका म्हाताऱ्या बाबांनी हात दाखवला. दोन दिवे पाहून त्यांना जीपच वाटली.

"जागा हाय का?"

शोभा म्हणाली, "कॅरिअरवर हाय!"

बाबा खरंच बसले की! उतरताना म्हणाले, "जीपपेक्षा बरं. कोनी मांडीवर बसलं नाही."

*

माझी बॅटरी मामाजींच्या पंपाची. सासूबाईंनी काढून दिली होती, त्यांचे उपकार कसे फेडू! पण आभाळ आलं आणि हरभऱ्यावर अळी पडली. आठ दिवसांची फवारणी, बॅटरी एकच. पिकापुढं माझं काम काय सांगू? मी गुपचूप बॅटरी पंपात परत बसवली. उद्या कारखान्यात शेवटचा दिवस, असं मनाशी ठरवून झोपले.

सकाळी पाहते तर बॅटरी माझ्या कॅरिअरवर, फुल चार्ज. वायरसुद्धा जोडलेली.

वाटेत आमचं वावर लागतं. मामाजी हरभऱ्यात उभे, पाठीवर जुना हातपंप, दांडा खालीवर चाललेला. मी सायकल थांबवली.

"मामाजी, बॅटरी तुमच्यापाशी काऊन नाही ठेवली?"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"माह्या पाठीले चार्जिंग लागत नाही. तू जाय, उशीर होऊन राह्यला!"