संस्थेनं धाकटीला घेतलं

माझी धाकटी बहीण चांगली चित्रं काढते, हे मला परक्या माणसांकडून कळलं. त्याचा राग मला अजून आहे. तिच्या हातात पेन्सिल मी दिली होती. धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात, शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे मोकळा तास असायचा, तेव्हा ओट्यावर बसवून तिला मडकं, कंदील आणि केळीचं पान काढायला मी शिकवलं. पुढे धुळ्याला राहून चित्रकला शिक्षिकेची पदविका मी केली. तिनं कॉमर्स केलं, लग्न होऊन धुळ्यातच राहिली, आणि मुलं मोठी झाल्यावर एका दिवाळीत करंज्या लाटता लाटता म्हणाली, "अक्का, मी बी आते चित्रं काढस."

"काढ नं," मी म्हटलं, "टाइमपास व्हस."

जळगावात पिंप्राळ्याला माझा ड्रॉइंगचा क्लास आहे. एलिमेंट्री-इंटरमिजिएटची तयारी करून घेते. माझी मुलं नापास होत नाहीत, कारण मी त्यांना नशिबावर सोडत नाही. स्मरणचित्रासाठी माझ्याकडे चार रचना तयार आहेत: बाजार, बाग, बसथांबा आणि जत्रा. विषय कुठलाही येवो, चारातली एक बसतेच. पालक खूश, मुलं खूश. फक्त माझी स्वतःची चित्रं कपाटावर गुंडाळून पडलेली होती आणि त्यांच्याबद्दल कुणी विचारत नव्हतं.

धुळ्यात एक संस्था आहे. कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींसाठी रविवारी चित्रं, नाटक, गाणं असं सगळं फुकट चालतं. शिवाय दरवर्षी ते या भागातला एक कलाकार निवडतात. त्याला वर्षभर काम करायला खोली मिळते, बाहेरगावचे एक मोठे चित्रकार अधूनमधून येऊन काम बघतात, चित्रांचे फोटो कसे काढायचे, किंमत कशी ठरवायची, चार लोकांत आपल्या कामाबद्दल कसं बोलायचं हेही शिकवतात, आणि शेवटी त्यांच्याच हॉलमध्ये प्रदर्शन. माझं प्रदर्शन कधी झालेलं नाही. पन्नाशी जवळ आली होती. हे वर्ष मला हवं होतं, आणि ते आता मिळालं नाही तर कधीच मिळणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. अर्ज मी केला. धाकटीलाही म्हटलं, तू पण कर, अनुभव येईल. मनाचा मोठेपणा दाखवायला मला तेव्हा काही खर्च येत नव्हता.

शेवटच्या फेरीत आम्ही दोघी राहिलो. समोर तिघं परीक्षक बसलेले. आम्हाला एकेक कागद दिला आणि म्हणाले, कालची संध्याकाळ काढा. मी मनात हसले. माझा हात लगेच चालू झाला. डावीकडून आत आलेली फांदी, मागे देवळाचा कळस, मध्ये मुलाचा हात धरलेली बाई, उजवीकडे फुगेवाला. अर्ध्या वेळात चित्र पूर्ण. मग पेन्सिल खाली ठेवली आणि मला आठवलं, की कालची संध्याकाळ मी धाकटीच्या घरी शेंगा सोलत घालवली होती. तिथे फुगेवाला कुठून येणार? धाकटीनं तिचा नवरा काढला होता. टीव्हीसमोर खुर्चीत झोपलेला, तोंड उघडं, एका पायात चप्पल आणि दुसरी कुठे गेली कुणास ठाऊक. ते तिघं आधी खळखळून हसले. मग हसणं थांबलं तरी बघतच राहिले. माझ्या कागदाकडे बघून एक जण म्हणाले, "सफाई चांगली आहे." हे वाक्य मी स्वतः मुलांना अनेकदा म्हटलेलं आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आठवड्यानं तिचा निवड झाल्याचा फोन आला. "अक्का, मनं नाव उनं."

"अरे वा, खूप आनंद झाला," मी म्हटलं. आम्ही दोघी एकमेकींशी असं पुस्तकी कधी बोलत नाही.

माझं पोट दुखलं, हे सरळ सांगते. ती दुष्ट असती तर बरं झालं असतं. ती दुष्ट नाही. काही दिवसांनी संस्थेतून मलाही फोन आला: मॅडम, तुमचा पाया पक्का आहे, आमच्या मुलांना रविवारी बेसिक शिकवाल का? मी हो म्हटलं. समाजसेवा वगैरे काही नव्हतं मनात. धाकटीची खोली त्या हॉलला लागून होती आणि ती आत काय करते ते मला बघायचं होतं.

मग दर रविवारी सकाळची एसटी, एरंडोल, पारोळा, धुळे. मुलं गुणी होती. एकदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमची चित्रं कुठे बघायला मिळतील?" मी म्हटलं, "शेजारच्या खोलीत बघ. माझ्या बहिणीची आहेत." ती बिचारी उत्तर नीट न कळून मान हलवत गेली. खोलीच्या दाराशी टर्पेंटाइनचा वास यायचा. मी डोकावले की धाकटी हसत आडवी यायची. "आते नको देखू अक्का, व्हई गयं का मीच दखाडसू."

क्लास संपला की जेवायला तिच्याच घरी. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, सगळं माझ्या आवडीचं. मी जेवायची आणि ती पोळपाटाशी उभी राहून माझ्यासमोर बोलण्याचा सराव करायची. लहानपणी पाहुणे आले की माझ्या मागे लपणारी ही मुलगी शुद्ध मराठीत सांगायची, "माझ्या चित्रांत रोजचं घर येतं." किंमत सांगताना मान खाली घालायची नाही, असं तिला शिकवलं होतं. ती मान वर करून दाखवायची आणि विचारायची, "कसं शे?" मी "चांगलं शे" म्हणून भाकरी मोडायची. मनातून वाटायचं, चित्रं फसावीत. फार नाही, पण लोकांना दिसेल इतकी फसावीत. प्रदर्शनाच्या दिवशी बोलायचं वाक्यही मी तयार ठेवलं होतं: प्रयत्न छान आहे.

प्रदर्शनाला मी लवकर गेले. हॉलमध्ये माझ्या वर्गातली मुलं खुर्च्या लावत होती, बाहेरची मंडळी जमत होती, धाकटी दाराशी उभी राहून कुणाशी तरी न अडखळता बोलत होती. मी तपासनीस आल्यासारखी एकेक चित्र बघत निघाले. गॅसची टाकी ओढणारा माणूस. औषधाच्या गोळ्या निवडणारी सासू. तिच्या हाताचा पंजा प्रमाणापेक्षा मोठा होता. मला केवढा आनंद झाला. चार पावलं पुढे जाऊन परत आले आणि पुन्हा बघितलं, तर तो पंजा तेवढाच हवा होता.

शेवटच्या भिंतीवर मी होते.

तिच्या घरचं जेवणाचं टेबल. माझ्या बोटांत भाकरीचा तुकडा, तोंडापर्यंत न पोचलेला. ओठांवर पाहुण्यांसमोर असतं तसलं हसू. आणि डोळे ताटाकडे नव्हते. ते चित्राच्या बाहेर कडेला बघत होते, जिथे पोळपाट असतो, जिथे ती उभी असते. वर्षभर त्या टेबलावर बसून मी जे लपवलं, ते सगळं तिथे होतं, रंगांत, खिळ्यावर टांगलेलं. माझ्या शेजारी एक बाई येऊन थांबल्या. मला ओळखत नव्हत्या. सोबतच्या बाईंना म्हणाल्या, "हिला काय झालंय बघा ना, घास उतरत नाहीये."

त्या पुढे गेल्यावर धाकटी माझ्याजवळ आली. "राग उना का अक्का?"

"नही."

"तू सांग. आत्तेच उतारस मी. कोणी काही म्हणाव नही."

ती खरंच उतरवणार होती. तिचा एक हात फ्रेमला लागलाही होता. मी चित्राकडे बघत राहिले. चूक शोधत होते. कान बघितला, मनगट बघितलं, खिडकीतून येणारा उजेड कुठे कुठे पडायला हवा ते बघितलं. एक चूक सापडली असती तर मी तिला ते उतरवायला सांगितलं असतं, देवाशपथ सांगितलं असतं.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं.

मला शरम वाटायला हवी होती. रडू तरी यायला हवं होतं. पण पोटात तेच जुनं दुखणं उठलं, तिच्या निवडीच्या फोनवेळी उठलं होतं त्याहून जास्त. तो चेहरा वर्षभर माझ्या मानेवर होता, आणि काढला तिनं.