लेव्हलकाकांचं बाथरूम

लेव्हलकाका कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी खिशातून लेव्हल काढायचे. सपाटी तपासायची वीतभर लांबीची पट्टी, मधल्या काचेच्या नळीत एक बुडबुडा. ती टीपॉयवर ठेवायची, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, "डावीकडे पडलंय." आमच्या घरी तर त्यांनी गणपतीच्या मखरावरही ठेवली होती. आई म्हणाली, "अहो, देव बसलाय तिथे!" तर म्हणाले, "बसलाय, पण वाकडा बसलाय."

आयुष्य एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेलं. खरं आडनाव पाटीवर होतं, पण वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते कोणी वाचायचं नाही. ते तिसऱ्या मजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या खाली, त्यामुळे पुढे जे झालं त्यातला निम्मा आवाज मी कानांनी ऐकलाय.

झालं असं, की काकू त्यांच्या जुन्या गुळगुळीत बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर शहाडला मुलीकडे गेल्या, त्या तिकडेच. पाय सुधारला, भीती जाईना. "त्या मोरीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही," असं त्यांनी फोनवर सांगून टाकलं. तिसऱ्या दिवशी वरून हातोड्याचा पहिला ठोका पडला.

कॉन्ट्रॅक्टरचा आकडा ऐकून त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. "पेन्शनीत बसत नाही आणि त्याचं काम ढिलंढालं," म्हणाले. नळाच्या जोडण्यांपुरता प्लंबर बोलावला, बाकी सगळं स्वतः. तोडफोडीचं डेब्रिज खाली नेण्याची युक्ती तर खास होती. वर चहाला जो येईल, त्याच्या हाती निघताना एक भरलेली पिशवी. "खाली चाललीयस ना? मग रिकाम्या हाताने कशाला?" सोसायटीचे सेक्रेटरी आवाजाची तक्रार करायला गेले, ते दोन पिशव्या घेऊन उतरले.

टाइल्स घ्यायला मला घेऊन गेले. दुकानाच्या मागे पडलेल्या, कोणाच्या तरी घरून उरलेल्या टाइल्सच हव्यात. निवडायची पद्धत अशी, की टाइल फुटपाथवर ठेवायची, वर पाणी आणि साबण चोळायचा आणि अनवाणी उभं राहून बघायचं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, लेना है या नहाना है?" शेवटी तीन रंगांच्या मिळाल्या, त्यातल्या दोन जवळजवळ सारख्या. एकही घसरत नव्हती.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून ठेवलं आणि रोज टॉर्च घेऊन आमच्या बाथरूममध्ये येऊन वर बघत राहिले. "छताला घाम आलाय का गं?" नव्हता आला. मग फरशी बसली. काय बसली! लेव्हल कुठेही ठेवा, बुडबुडा मधोमध. काकांची छाती फुगलेली. काकू रविवारी येणार हे ठरलं.

शनिवारी त्यांनी मला बोलावून एक बादली पाणी ओतलं. पाणी जागचं हलेना. पाणी जायची जाळी एका कोपऱ्यात आणि पाणी सगळ्या फरशीवर निवांत पसरलेलं. काकांनी सगळं शिकलेलं परदेशी व्हिडिओ बघून. तिकडे आंघोळ काचेच्या खोक्यात, बाहेरची जमीन कोरडी, सपाट. आमच्या काकू बादली आणि तांब्यावाल्या! त्यात काकांना सपाटीचं वेड, म्हणजे विचारायलाच नको. मला हसू आलेलं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

"वायपर ठेवू की काका," मी म्हटलं.

"वायपर मारायला ती वाकणार. वाकली की घसरणार." रिकामी बादली बाजूला ठेवली. "चुकलं. तोडू."

माझ्यासमोरच त्यांनी शहाडला फोन लावला. "अगं, उद्या नको येऊस. मी चुकलोय." पलीकडून काकूंचा आवाज, "लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणालात. थांबते मी, सावकाश करा."

दुसऱ्यांदा जाळीकडे उतार देत फरशी बसवताना बुडबुडा सारखा जाळीच्या उलट बाजूला पळायचा आणि काकांचा जीव कासावीस व्हायचा. "आयुष्यात पहिल्यांदा मन लावून वाकडं काम करतोय," म्हणायचे. शेवटी भिंतीला आधारासाठी स्टीलचा दांडा लावायचा होता. उंची माझ्यावरून मोजली, कारण मी काकूंएवढीच. "हात टाक. अशी ऐटीत नको, घाबरून टाक." दांडा पक्का झाल्यावर त्याला धरून त्यांनी दोन्ही पाय उचलले आणि चक्क लटकले. सत्तरीचा माणूस! "माझं वजन पेललं, तर तिचं पेलेल."

काकू आल्या. आंघोळ करून बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "पाणी लगेच गेलं हो." काका लाजले, खरंच लाजले.

गेल्या वर्षी काका गेले. आठवडाभराचं आजारपण, बस. मला अजूनही वरचा ठोका ऐकू येईलसं वाटतं. काकू कायमच्या शहाडला गेल्या, जाताना काकांची ड्रिल मशीन आणि लेव्हल माझ्याकडे देऊन. परवा फोनवर म्हणाल्या, "सगळं छान आहे गं. पण मुलगी सकाळी कामावर जाते, आणि मी आंघोळीला गेले की भिंतीवर हात फिरवते. भिंत नुसतीच भिंत आहे."

शनिवारी मी दांडा आणि ड्रिल घेऊन शहाडला गेले. उंची मोजायची गरजच नव्हती. भोकं पाडली, स्क्रू आवळले, लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध.

"झालं?" काकू दारातून म्हणाल्या.

"थांबा," म्हटलं, आणि दांडा धरून दोन्ही पाय उचलले. काकू ओरडल्या, "अगं, पडशील!" आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. हसता हसता डोळे भरले त्यांचे.

"माझं वजन पेललंय काकू," मी लटकूनच म्हटलं.

मी खाली उतरले, तशा त्या पुढे झाल्या. दांड्यावर हात टाकला, आणि बराच वेळ काढलाच नाही.