लाल हापशी आणि गजाननचा बोर

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, की केटलीच्या बुडाशी क्षार साचावेत तसे किस्से साचतात. त्यात मी घाबरट. फोन वाजला तरी दचकते. त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच येतात!

*

सोनाळ्याच्या वाटेवरच्या एका गावात हापशीच्या पाण्यात फ्लोराईड जास्त निघालं. आम्ही हापशी लाल रंगवली, म्हणजे हे पाणी पिऊ नका. "दात खराब होतात," मी एका आजोबांना सांगितलं. ते ओंजळीनं पीतच होते. बोळकं उघडून म्हणाले, "मले दातच नाही, पोरी. खराब काय होईन?"

*

मग सभा घेतली. "आनखी काय होते याच्यानं?" मागून कोणीतरी ओरडलं. मी दचकले आणि बोलून गेले, "पुरुषांचे हार्मोन कमी होऊ शकतात, असं काही संशोधनात दिसलंय. अजून नक्की नाही, पण..."

'पण' कोणी ऐकलंच नाही! सगळ्या माना गजाननकडे वळल्या. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. आजवर गाव त्याच्या बायकोलाच, कविताला, बोल लावायचं.

गजाननची आई, शांतामावशी, ताडकन उठल्या. "आमी हापशीचं पीतच नाही! आमचा सोताचा बोर हाये!"

*

दुसऱ्या दिवशी गावातल्या आरओच्या, शुद्ध पाण्याच्या टाकीपुढे कॅन घेऊन सगळे पुरुषच! एक काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पानी वाहू वाहू आमच्या कमरा गेल्या, तवा कुठी होते रे तुमी?"

*

त्या आठवड्यात फोनही फार आले. "म्याडम, मित्रासाठी विचारून राह्यलो..." जो तो मित्रासाठीच! आमचे सर म्हणाले, "हा मित्र भलताच लाडका दिसतो गावाचा!"

*

आणि मग शांतामावशी स्वतः प्रयोगशाळेत आल्या. हातात बोरच्या पाण्याची बाटली, मागे कविता, दाराशी गजानन.

मी पाणी दोनदा तपासलं. भीतीनं. "मावशी, फ्लोराईड अगदी कमी आहे. बिनधास्त प्या!"

मावशींचा चेहरा फुलला. "पाह्यलं? आता बोला म्हना गाववाल्याईले! माह्या पोराच्या घरचं पानी चोख हाये!"

कवितानं पदर सारखा केला. आवाज अगदी हळू.

"आत्याबाई, माही तपासनी झाली. पान्याची झाली. आता कोन राह्यलं?"

गजानन खिसे चाचपत मोटारसायकलची किल्ली शोधायला लागला.

किल्ली त्याच्या हातातच होती!