तणसातल्या बारा बाटल्या

“उद्याच्या सभेत तुमी तोंड उघडायचं नाई. सांगून ठेवते.”

“उघडीन.”

“काय सांगसान? बाई हो, बाटल्या माझ्या होत्या, असं? अन् मी तिथीच समोर बसली राहीन, मंडळाची अध्यक्ष म्हणून?”

“मंग काय करू? पत्रूचं काम जाऊन राह्यलं ना, प्रवीणच्या माय!”

“पत्रूले आपल्या वावरात लावू. बारा महिने काम देऊ. मी कुठी नाई म्हणून राह्यली?”

“त्याले वावरातलं काम नाई पायजे. बाटल्या त्याच्या नोत्या, हे लोकाईले कळलं पायजे.”

“महिना झाला. तवा नाई सुचलं हे?”

काकूने असं विचारताच हेमराजकाका दाराशी पडलेल्या चपला पायाने नीट लावू लागले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात डाळ निवडत बसले होते. दोघांपैकी कुणाकडेच बघवेना, कारण काकांची बीअर मीही प्यायलेली होते. या बाटल्यांतली नाही, दिवाळीतल्या घाण्यातली. “मस्त झाली काका,” असं म्हणून वर अर्धा ग्लास मागूनही घेतला होता.

हेमराजकाका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. वरोऱ्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांच्या काचा वेचायच्या, ब्युरेट धुऊन उलट्या टांगायच्या आणि सर चहाला गेले की प्रॅक्टिकलही आपणच घ्यायचं. “रीडिंग तीनदा घ्या रे. पहिलं डोळ्याचं, दुसरं घाईचं, तिसरं खरं.” गावात त्यांना अजून सगळे सर म्हणतात. शिवी नाही, तंबाखू नाही, कुणाशी उभा वाद नाही. आणि बायको कोण, तर दारूबंदीसाठी नागपूरपर्यंत पायी गेलेली, गावच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष गुणाबाई. जिल्ह्यातली बंदी उठली तरी आमच्या चिमूरजवळच्या गावाने दारूला शिवायचं नाही असा ठराव केला, तो तिच्यामुळे.

असा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी पुण्यात मुलाकडे, प्रवीणदादाकडे गेला. दादाने त्यांना अशा ठिकाणी नेलं जिथे तांब्याच्या मोठाल्या हंड्यांत बीअर डोळ्यांसमोर तयार होते. काकांनी दोन घोट घेतले आणि पुढचा तासभर वेटरला छळलं. जव किती दिवस भिजवता? उकळी किती वेळ देता? टेंपरेचर कोण पाह्यते? शेवटी वेटर कंटाळून आतल्या माणसालाच बोलावून घेऊन आला.

निवृत्त होऊन गावी परतल्यावर काकांनी घराच्या माळ्यावर पाण्याची वीस लिटरची कॅन आणून ठेवली. जव ओल्या पोत्यावर पसरून मोड आणायचे, ते छतावर वाळवायचे, भरडायचे, कोमट पाण्यात धरून ठेवायचे. हॉप्सची कडू फुलं आणि यीस्टची पुडी कुरिअरने यायची. कॅनच्या झाकणातून एक नळी पाण्याच्या ग्लासात सोडलेली असायची आणि त्यातून बुडबुडे यायचे. काका घड्याळ लावून ते मोजायचे. पहिल्या घाण्याला भिजलेल्या पोत्यासारखा वास आला. तिसरा आंबून गेला, तो काकूने सिरका म्हणून लोणच्यात घातला. पुढे त्यांना कळलं की चूक हाताची नाही, उन्हाची आहे. मग कॅनला ओली फडकी गुंडाळून तिच्यासमोर कूलर लावला. घरातली माणसं घामाने निथळायची आणि कॅन गारव्यात बसायची. नवव्या घाण्यात त्यांनी मोहाची मूठभर फुलं घातली. तो घाणा काचेच्या बीकरमध्ये ओतून खिडकीपाशी धरला तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिलाय. प्यायचे ते तेवढंच, बीकरभर. बाकी वहीत लिहायचे.

काकूला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती माळ्याच्या शिडीवर अर्ध्यात उभी राहिली होती.

“काय हाय हे?”

“जवाचं आंबवण.”

“चढते?”

“चढाले जेवढी लागते तेवढी मी पीतच नाई.”

काकूने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, “उंबऱ्याबाहेर एक थेंब गेला, तर माळ्यावरचं सारं माझ्या हातानं फोडीन.” म्हणजे हो म्हणाली. मंडळात मात्र तिने हे कधी कुणाला सांगितलं नाही.

थेंब उंबऱ्याबाहेर गेला तो फेब्रुवारीत. महाशिवरात्रीला काकू बायकांबरोबर मार्कंड्याच्या जत्रेला गेली आणि तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. परत येताना दोन गावच्या बायका मुक्कामाला आणते, माळा झाडून ठेवा. माळ्यावर चौदावा घाणा अजून बुडबुडत होता. आणखी पाच दिवस थांबायला हवं होतं, साखर पुरती संपायला हवी होती. काकांनी साखर मोजायचा हायड्रोमीटर टाकला, एकदाच पाहिलं आणि स्वतःला म्हणाले, होते आता. एकदाच. बारा बाटल्या भरल्या, बुचं घट्ट बसवली आणि सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, धान झोडून उरलेल्या तणसाच्या ढिगात खोल खुपसल्या. वरून ऊन लागत नाही, आत थंड राहील. बीअर बाटलीत महिनाभर मुरते, तर मुरू दे तिथेच.

मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला. तणस भिजलं. ओलं तणस आतून तापतं. गावातलं शेंबडं पोरही आंबे पिकवायला तणसात घालतं, ते त्या उबेसाठीच. आणि एकतीस वर्षं थर्मामीटर पुसलेल्या माणसाला हे आठवलं नाही. त्या उबेत बाटल्यांतली उरलेली साखर आंबत राहिली आणि बुचाखाली गॅस कोंडत गेला.

शेजारची मीराबाई गाईसाठी तणस न्यायला आली. आमच्याकडून ती नेहमीच न्यायची. तिने कवेत घ्यायला हात घातला आणि आत बाटल्या फुटल्या. एक, मग तिला लागून दोन. चिमूरच्या दवाखान्यात तळव्याला आठ टाके पडले. करंगळी अजून वाकत नाही.

सांदवाडीत बाया जमल्या तेव्हा साऱ्या तणसाला दारूचा वास सुटला होता. आणखी फुटतील या भीतीने ढिगात पुन्हा कुणी हात घातला नाही. कुंपणापलीकडे पत्रूचं घर. पत्रू आदिवासी, गावच्या नळाचा माणूस. पहाटे टाकीचा व्हॉल्व्ह उघडणं, दुपारी बंद करणं हे त्याचं काम. पूर्वी प्यायचा, हे सगळ्यांना माहीत. तीन वर्षांपासून सोडली, हेही सगळ्यांना माहीत. पण त्या दिवशी पहिलंच तेवढं सगळ्यांना आठवलं.

संध्याकाळी मंडळाची बैठक आमच्याच अंगणात भरली.

“माझ्या नाई, बाई,” पत्रू म्हणाला.

“मंग कोणाच्या? गुणाबाईच्या?” कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

“माझ्या नाई.”

“तुमच्या लोकाईची मोहाची सवय अशी सुटते का?”

“मोहाची असती तं बाटलीले बूच काऊन लागलं असतं? माझ्या नाई.”

काका तेव्हा पाण्याचा जग घेऊन फिरत होते. पत्रूलाही त्यांनी ग्लास दिला. पत्रूकडून व्हॉल्व्हची चावी काढून घेतली गेली. कायमचा निर्णय एक मेच्या ग्रामसभेत घ्यायचा ठरला. दुसऱ्या दिवशी उजाडताना काकांनी उरलेल्या नऊ बाटल्या शेणखड्ड्यात ओतल्या, काचा पुरल्या, वही चुलीत घातली आणि कॅन स्वच्छ धुऊन कोंबड्यांच्या पाण्याला लावली. मग काकूला सांगितलं. काकू म्हणाली, थांबा जरा. आणि दोघं थांबले.

डाळ निवडून झाली तशी काकांनी चपला घातल्या. “चाल दिव्यानी, पत्रूकडे जाऊन येऊ.” काकूने परातीत पीठ घेतलं आणि मळायला लागली.

पत्रू आणि त्याची बायको सोमारी अंगणात तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसले होते. काकांनी बाजेवर न बसता उभ्यानेच सांगितलं. जव, कॅन, तणस, सगळं. पत्रूने हातातला पुडा आधी पुरा बांधला.

“त्या दिवशी मी किती वेळा म्हणलो, माझ्या नाई म्हणून?”

“तीन वेळा.”

“मोजले तुमी?”

काकांनी मान हलवली.

“तुमी मले पाणी पाजून राह्यले होते, भाऊ.”

“हो.”

“ही,” त्याने सोमारीकडे बोट केलं, “माझं तोंड हुंगते. तीन वर्षं नोती हुंगत. आता रोज हुंगते. जेवाले वाढाच्या आधी.”

सोमारीने मान वर केली नाही. पान मात्र चुकीच्या बाजूने दुमडलं.

“उद्या सभेत सांगतो मी,” काका म्हणाले.

“सांगा. मले सांगून काय फायदा? मले तं मालूमच होतं माझ्या नाई म्हणून.”

सकाळी शाळेसमोर झेंडावंदन झालं आणि तिथेच मांडवात सभा बसली. पत्रूचा विषय निघाला तसे काका उठले. त्यांनी बहुतेक रात्रभर वाक्यं जुळवली असणार, पण तोंडातून एवढंच आलं, “त्या बाटल्या माझ्या होत्या. मी घरी बीअर बनवतो.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मांडवभर हसू पसरलं.

“बसा सर, बसा! तुमी अन् बीअर?”

“पत्रूले वाचवाले खोटं बोलून राह्यले. सरचं मन मोठं हाय.”

“खरं सांगतो मी! मोड आलेले जव भरडायचे, पासष्ट डिग्रीवर घंटाभर धरायचे...”

“प्रॅक्टिकल घेऊन राह्यले सर!”

पुन्हा हशा. सरपंच म्हणाले, “काही पुरावा हाय का सर? वही, भांडं, काही?”

वही काकांनीच चुलीत घातली होती, कॅनमध्ये कोंबड्यांचं पाणी होतं. पत्रू मांडवाच्या बांबूला टेकून उभा होता. तो हसत नव्हता, रागावलेलाही दिसत नव्हता. पाहिलेलाच सिनेमा पुन्हा पाहावा तसा कंटाळून काकांकडे बघत होता.

“मी खरं बोलून राह्यलो,” काका म्हणाले. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “माझ्या नाई असं तो म्हणे, तवा तुमी हासले. आता माझ्या हाय म्हणतो, तं मलेबी हासून राह्यले.”

हसू विरलं. बायकांच्या रांगेतून मीराबाई उठली. तिचा उजवा हात पदरात होता, तो तिने बाहेर काढला. काकांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. समोर टेबलाशी सरपंचांच्या बाजूला मंडळाची अध्यक्ष म्हणून काकू बसली होती, ती थेट तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“गुणाबाई, मी तुमच्या संगं मार्कंड्याले आली होती. तुमी म्हणाल ते मी खरं मानीन. सर दारू बनवते का घरी?”

काकूने काकांकडे पाहिलं. मग पत्रूकडे.

“तुमाले मालूम होतं का, बाई?” मीराबाईने पुन्हा विचारलं.

काकूने टेबलावरचा चष्मा उचलून डोळ्यांना लावला. “नाई” एवढं म्हणणं पुरे होतं, ते न म्हणता तिने खुर्ची मागे सरकवली. बायकांच्या दोन रांगांमधून, कुणाच्या पायाला पाय लागू न देता, ती मांडवाबाहेर गेली. फाटकाशी चपला शोधायला ती थांबली नाही, तशीच अनवाणी तापल्या रस्त्याने चालत निघाली. मीराबाई अजून रिकाम्या खुर्चीसमोर उभीच होती.