दाजींची चढती रेषा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, बाजाराचं भविष्य लिहितात. ज्योतिष्याकडे निदान पंचांग तरी असतं. दाजींकडे कॉफीच्या मशीनशेजारचं टेबल आहे आणि मागच्या वर्षीचा अहवाल. कोणत्या वस्तूला किती मागणी येणार याचे जाडजूड अहवाल त्यांचं ऑफिस विकतं. त्यातला प्रकाशावर चालणारा संगणक दाजींच्या गळ्यात पडलेला. विजेऐवजी प्रकाशाने आकडेमोड करायची, म्हणजे यंत्र तापत नाही आणि काम झटक्यात. फक्त दुकानात ते अजून कोणी पाहिलेलं नाही.

दाजींचं त्यावाचून काही अडलं नाही. दरवर्षी जुना आलेख उघडायचा, खालची सालं एक घर पुढे सरकवायची, वर चढणारी रेषा तशीच ठेवायची आणि लिहायचं, येत्या पाच वर्षांत बाजारपेठ उसळणार. ऑफिसात त्यांना ‘पंचवार्षिक’च म्हणतात. ताईने एकदा विचारलं, अहो, ही पाच वर्षं संपतात तरी कधी? तर म्हणे, बाजाराला घाई करून चालत नाही. ताईने हात टेकले. आणि हाच माणूस घरात साधा मिक्सर घ्यायचा तर भाव उतरतील म्हणून वर्षभर थांबतो!

त्यांची लेक कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. कायमची नोकरी, तीही मारामार करून मिळालेली. परवा रविवारी सगळे जेवायला बसलो होतो, तेव्हा तिने सांगून टाकलं की नोकरी सोडली, आता ती प्रकाशाचे संगणक बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत जाणार. पगार कमी, पण पुढे कंपनीत वाटा. दाजींचा घास हातातच राहिला.

मग काय विचारता! कालपर्यंत अहवालात जो कल्पवृक्ष होता, तो ताटावर एकदम बाभूळ झाला. जरा धूळ बसली की बिघडतं, माहिती साठवायला शेवटी वीज लागतेच, नेहमीच्या चिप स्वस्त मिळत असताना हे घेणार कोण? इतकं खरं दाजी एका दमात कधी बोलले नव्हते.

लेकीने मोबाइलवर कंपनीचं माहितीपत्रक उघडून त्यांच्यापुढे धरलं. तीच चढती रेषा, आणि खाली आधार म्हणून दाजींचं नाव.

“बाबा, हे आकडे तुम्ही कुठून आणलेत?”

दाजींनी पुन्हा भात कालवायला घेतला. ताईने खोदून विचारलं तेव्हा कुठे बाहेर आलं, की ते त्याच कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकातून उचललेले. कंपनीने दाजींचं बघून लिहायचं, दाजींनी कंपनीचं. अहो रूपम् अहो ध्वनी! मला हसू आवरेना. मग लेकीचं तोंड पाहिलं आणि हसू तिथेच विरलं.

“यंत्र अजून धड चालत नाही, हे मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तो माझा विषयच आहे. बाजारातलं मला कळत नाही, बाबा. तिथे तुमचं नाव दिसलं, म्हणून मी राजीनामा देऊन टाकला.”

परत घेता येईल का, असं ताईने विचारलं. पण कॉलेजात लेकीच्या जागी दुसरी बाई रुजूसुद्धा झाली होती.

“होईल गं सगळं नीट,” दाजी कसेबसे म्हणाले. “पाच वर्षांत...”

ताईने त्यांच्यापुढचं ताट उचललं. अर्धं जेवण तसंच होतं.