शामा कोणी घालवला

लोहारा गावी वनखात्याच्या सेवानिवृत्तांच्या बैठकीत परवा पुन्हा तोच निकाल लागला: आपल्या जंगलातला शामा पिंजरेवाल्याने धरून धरून संपवला. हे साफ खोटे आहे. बोलणाऱ्यांपैकी एकानेही तो पक्षी नाल्यात उभे राहून ऐकलेला नाही. मी ऐकला आहे.

१९५६ साली मी नाकेदार झालो, म्हणजे जंगलाचा राखणदार. माझ्या हद्दीत सागवानाच्या उतारावरून एक नाला उतरे. दोन्ही काठांना बांबूची दाट बेटे. उन्हाळ्यात ऊन कलले की तिथे शामा गाऊ लागे. मुठीत मावेल एवढा जीव. पाठ काळी, चकचकीत, पोट तांबूस, शेपूट अंगापेक्षा लांब. एक नर थांबला की पुढच्या वळणावरचा सुरू होई, मग त्याच्याही पुढचा. मधूनच दुसऱ्या पाखरांची हुबेहूब नक्कल. साहेबांपुढेही मी कधी इतका निश्चल उभा राहिलो नाही.

यवतमाळचा एक पिंजरेवाला पिंजरे विणण्यासाठी परवान्यावर बांबू न्यायला येई. त्याला मी एकदा दरडावले, "चाचा, शामा धरून राह्यले का?"

तो हसला. "नाकेदारसाहेब, पिंजऱ्यात याची शेपटी चार दिवसांत झडते. बिनशेपटीचा शामा कोन घेईन? अन् हा घर कुठं करते, ते तरी पाह्यलं का?"

त्याने मला एका वाळक्या सालईच्या झाडापाशी नेले. कमरेइतक्या उंचीवर ढोली. आत वाळल्या पानांची गादी, तिच्यावर ठिपक्यांची चार अंडी. मी श्वास रोखला. सारा नाला भरून टाकणारा तो आवाज असल्या कुजक्या खोडातून जन्म घेतो!

आणि तरीही चूक माझीच. पोकळ झाड म्हणजे रोगी झाड, अशी आमची शिकवण. तोडीचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, साहेबांच्या दौऱ्यात स्वच्छ दिसावे, म्हणून नाल्यातल्या प्रत्येक ढोलीच्या झाडावर मी हातोड्याचा ठसा मारला आणि ती झाडे पाडली गेली. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या उन्हाळ्यात एकच शामा गायला, थांबला. वळणावरून उत्तर आले नाही.

शामा का घटला, अशी वरून विचारणा झाली, तेव्हा मी लिहिले: 'पिंजरेवाल्यांमुळे घट.' चाचांचा परवाना बंद झाला. ते नाक्यावर आले, एवढेच बोलले, "साहेब, तुमाले तर मीच त्याचं घर दाखवलं होतं."

त्यानंतर मी एकाही ढोलीवर हातोडा उचलला नाही. त्यापायी वाईट शेरा घेतला. काही वर्षांनी त्या वळणावरून शामाची एक कोवळी, अर्धवट तान आली, आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. चाचांना ती ऐकायला बोलावण्याचे धाडस मात्र मला झाले नाही.

लोक ज्या नोंदीचा दाखला देतात, ती माझ्या अक्षरातली आहे. ती खोटी आहे, हेही मीच लिहितो. त्या माणसाने एकही शामा धरला नव्हता.